रात्रपाळीचा चार्ज

सावळाराम, किल्ल्या खिळ्यावर आहेत.
दोन नंबरचा पंप सुरू होताना खोकतो, घाबरू नकोस,
तिसऱ्या खोकल्याला पाणी ओढतो.
भरती-ओहोटीचं कोष्टक दारामागे.
अमावास्येच्या आसपास झडप दर अर्ध्या तासाने बघ.
हे सगळं रजिस्टरात आहे.

जे नाही ते सांगतो.

झडपेच्या अलीकडे, जिथे धारण तलावाचं पाणी
ना गोडं ना खारं, नुसतंच मचूळ,
तिथे चिखलात पट्ट्यासारखी पानं दिसतील.
दिवसा पाहिलंस तर वाटेल
कुणीतरी मका पेरून विसरलंय.
गोठीवलीची यमीबाय त्याला गडांबी म्हणते.
पालिकेच्या कागदावर ते तण.

त्याला फार लागत नाही.
पाय ओले, डोकं कोरडं,
गुडघाभर गाळ, दुपारनंतर कांदळाची सावली,
आणि आपल्यासाठी कुणी काही करू नये, एवढंच.
मी एक कुंडीत लावलं होतं, शेणखत घालून.
तीन वर्षं नुसती पानं.
शेवटी ओशाळून परत चिखलात ठेवून आलो.

दिवे लागले की दांड्यावरच्या कळ्या सैल होतात.
हॅलोजनखालची अर्धा तास मागे राहते,
मी घड्याळ लावून पाहिलंय.
सहा पांढऱ्या पाकळ्या, मागे वळलेल्या,
मधून लाल केसर.
नऊच्या सुमारास वास.
आधी नाल्याचा, मग रबाळ्याच्या कारखान्यांचा,
आणि त्या दोघांच्या मधून, अंग चोरून, त्याचा.
अकराला पतंग येतात, भले मोठे,
हवेत एका जागी उभे राहतात
आणि बोटभर सोंड आत घालतात.
पंपाच्या घरघरीत त्यांचे पंख ऐकू येत नाहीत,
म्हणून कधीकधी मी पंप
दोन मिनिटं उशिरा लावलाय. हे वर बोलू नकोस.
सकाळी तू डबा धुशील तोवर
फुलं ओल्या चिंधीसारखी लोंबलेली असतील.

आता कांद्याचं.

बुडाशी कांदा असतो. थेट कांदाच,
पापुद्र्यावर पापुद्रा, आतून पांढरा.
चीक हाताला लागला तर खाज येते.
यमीबाय पहिल्याच वर्षी म्हणाली होती,
"बघाला कांदाच, पन खाल्लास त आतडी भायेर येतील."
मी हसलो. कोण खाणार?

दोन वर्षांमागे गाळ काढायला माणसं आली, दुमक्याकडची.
बांधावर निळं प्लास्टिक टाकून राहिली.
कांदा तेव्हा साठ रुपये.
सोनामुनीला गाळात हे सापडले, फुकटचे,
तिने बटाट्यात घातले.
रात्री एकला ती या दाराशी आली ती वाकूनच.
चार माणसं ओकत होती, पाचवं मूल झोपून राहिलं होतं
म्हणून वाचलं होतं.
दोन रिक्षा, वाशीचं रुग्णालय, सलाईन.
कुणी गेलं नाही.

सावळाराम, मला ठाऊक होतं.
रोज त्यांच्या चुलीवरून जात होतो.
बोललो असतो तर लोक फुलं बघायला आले असते,
मग तोडायला.
एवढ्यासाठी गप्प होतो.

नंतर आदेश आला, सगळं उपटा.
'काढले' असं लिहून मी सही केली.
काढलंही. झडपेमागची तीन सोडून.
बरी झाल्यावर सोनामुनी आली, रात्रीच,
फुलं उघडी असताना.
बराच वेळ उभी होती, बोलली नाही.
जाताना प्रत्येक दांड्याला
लाल वायरीचा तुकडा बांधून गेली.
वायर निघाली तर नवी बांध. खणात गुंडाळी आहे.

त्याच खणात एक बी आहे,
लहान आवळ्याएवढं, टरफल नसलेलं.
माती नाही, पाणी नाही,
डिझेलच्या पावत्यांवर ठेवलंय गेला महिनाभर,
तरी त्याला हिरवं बोट फुटलंय.
कुठे लावायचं ते तू ठरव.
फक्त लावण्याआधी
आसपास कुणाची चूल आहे का, बघ.
असली, तर आधी तिथे जा,
नाव सांग तुझं,
मग त्याचं.